चौगुलेबाईंची उजवी दाढ

"हे कुणी लावलंय?"

आजरेकर सरांनी पुठ्ठ्याची चौकट माझ्यापुढे धरली. हातमोजे त्यांनी काढून ठेवले होते, पण शर्टाच्या बाहीवर रक्ताचे दोन शिंतोडे दिसत होते.

"मी, सर. दुपारीच लावलं."

"नीट बघ."

मी चौकट उजेडाकडे धरली. पुठ्ठ्याला दोन खिडक्या आणि त्यांत बोटाच्या पेराएवढ्या दोन एक्स-रे फिल्म. वर माझ्याच अक्षरात 'चौगुले, खालच्या अक्कलदाढा', आणि खिडक्यांखाली 'उजवी', 'डावी'.

"डोळ्यांनी काय बघतेस? अंगठा फिरव."

मी अंगठा फिरवला. कोपऱ्यातला ठिपका खोलगट लागला. दुसऱ्या फिल्मवर फिरवला, तिथंही खोलगटच.

हल्ली माझ्या दवाखान्यात सगळं संगणकाच्या पडद्यावर दिसतं, पण मी सांगतेय ती पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची, गडहिंग्लजची गोष्ट आहे. मी नुकतीच डॉक्टर होऊन आजरेकर सरांच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली लागले होते. तेव्हा फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायची, वाळवायची आणि पुठ्ठ्यात घालून स्टेपलरनं बंद करायची. फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. म्हणून तिच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका उठवलेला असतो. फुगीर बाजू आपल्याकडे आली तर फिल्म सुलटी. खोलगट लागली तर पालथी, आणि पालथी फिल्म म्हणजे आरशातलं तोंड. उजवी दाढ डावी दिसते आणि डावी उजवी. हे मला शिकवलं होतं आजरेकर सरांनीच. "डोळे फसवतात, अंगठा फसवत नाही," असं म्हणून ते मला डोळे मिटायला लावून फिल्म हातात द्यायचे.

"दोन्ही पालथ्या, आणि वर अदलाबदल," सर हळू आवाजात म्हणाले. "मला वाटलं, उजवी दाढ नुसती पुढं झुकलीय. आत गेलो तर आडवी. मुळं थेट नसेवर. मला कुठून कळणार?"

आतल्या खुर्चीत चौगुलेबाई तोंडात कापसाचा बोळा घट्ट चावून बसल्या होत्या. दाराच्या फटीतून मला त्यांचे खुर्चीच्या दांडीला धरलेले हात दिसत होते.

सर अक्कलदाढा शिकवायचे ते शाळेच्या बाकावरून. जबडा म्हणजे बाक, आणि सगळी मुलं बसल्यावर शेवटी उशिरा आलेलं पोर म्हणजे अक्कलदाढ. जागा असेल तर ते ताठ बसतं. नसेल तर शेजाऱ्याच्या अंगावर झुकतं, किंवा मागं रेलतं. आणि काही बहाद्दर बाकावर सरळ आडवे होतात, डोकं शेजाऱ्याच्या बरगडीत खुपसून. "झोपलेल्याला ओढून काढायचं नाही, हेमा. त्याचे तुकडे करायचे. आधी डोकं, मग मुळं," असं म्हणून ते मोठ्यानं हसायचे, आणि आम्हीही. गंमत सोडली तर गोष्ट खरी आहे. झुकलेली दाढ हाड थोडं कोरून उचलता येते. आडवी दाढ तशीच उचलायला गेलं तर तिची मुळं खालच्या नसेवर दाबली जातात. ती नस खालच्या ओठाची. तिला इजा झाली की ओठ हलतो, पण त्याला काही कळत नाही.

चौगुलेबाईंची उजवी दाढ सरांनी न तोडता उचलली होती. मी तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर एका आजोबांच्या कवळीचं माप घेत होते. सरांना पाच वाजता कॉलेजात प्रमुख पाहुणे म्हणून जायचं होतं.

"सर, आता काय होईल?"

"होईल सहा महिन्यांत बरं. नाही झालं तर नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस, मी आहे ना. फक्त एक कागद लिहून ठेव. फिल्म लावताना माझ्याकडून चूक झाली, एवढंच. उद्या कुणी काही विचारलं तर तुलाच उपयोगी पडेल."

मी लिहून दिला. वर सही केली, तारीख घातली, आणि सरांनी मला कामावरून काढलं नाही म्हणून त्यांच्या पाया पडले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बाईंना खरं सांगायचं असं मात्र मी मनाशी ठरवलं. शालिनी चौगुले म्हणजे मुलींच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका, वय सत्तेचाळीस. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या. लग्न केलेलं नाही. भाऊ हुबळीला, तो दिवाळीला पत्र पाठवायचा. कडक खळीची साडी, केसांना तेल, आणि फळ्यावर अक्षर असं की पुसणाऱ्याचा हात थांबावा. पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले आणि दारातच रडायला लागले.

"बाई, चूक माझी झाली. फिल्म मी पालथ्या लावल्या. सर बिचारे..."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. उजवा गाल अजून सुजलेला होता. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "चहा घेतेस?"

चहा पिताना त्यांनी मला ओठ दाखवला. "ही अर्धी बाजू माझी नाहीच गं. दुसऱ्या कुणाची तरी आणून चिकटवल्यासारखी वाटते." बोलत असतानाच उजव्या कोपऱ्यातून चहाचा ओघळ आला, हनुवटीवर उतरला आणि तिथं लोंबकळत राहिला. बाई बोलतच होत्या. मी कुठं बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग किती तरी वेळ तो काढला नाही.

"शाळेत असं झालं असेल," त्या पदराआडून म्हणाल्या. "काल डबा खाताना मुजावरबाई सारख्या खाली बघत होत्या."

"बाई, मी दर रविवारी येते. बधिर भाग मोजून ठेवू. कमी होत जाईल."

आणि मी खरंच जाऊ लागले. टाचणी, कापूस आणि बॉलपेन घेऊन. बाई डोळे मिटून बसायच्या, मी टाचणीचं टोक हलकेच टेकवत जायची. "आहे, आहे, आहे... नाही." जिथं 'नाही' आलं तिथं पेनाचा ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की हनुवटीवर एक आकार तयार व्हायचा, तो मी वहीत उतरवून घ्यायची. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. आकार तसाच्या तसा.

मोजणी झाली की जेवण. शाळेत बाईंनी चारचौघांत खाणं बंद केलं होतं. मधल्या सुट्टीत ऑफिसचं दार लोटून, भिंतीकडं तोंड करून त्या दोन बिस्किटं खायच्या. रविवारी माझ्यासमोर मात्र भाकरी, शेंगदाण्याची आमटी, खर्डा असं सगळं रीतसर वाढून घ्यायच्या. त्यासाठी आमचा एक करार झाला होता.

"तोंडानं सांगायचं नाही," त्यांनी बजावलं होतं. "ते ऐकायला फार वाईट वाटतं. काही लागलं असेल तर नुसता तुझ्या हनुवटीला हात लाव. मी पुसून घेईन. हात नाही लागला म्हणजे चेहरा स्वच्छ आहे असं मी समजेन."

ही सवय मला इतकी लागली की दवाखान्यात एखाद्या रुग्णाच्या तोंडाला फेस दिसला तरी माझा हात माझ्या हनुवटीला जायचा. आमच्या दवाखान्यात झाडलोट करणारी, उपकरणं उकळणारी बाळाक्का म्हणायची, "डाक्टरीणबाई, दाढ त्येंची दुकतीया आन् हात तुमी का लावताय?"

दवाखान्यात माझं दुसरंच चाललं होतं. फिल्म लावताना मी अंगठा दहा-दहा वेळा फिरवायची. लावून झाली की पुन्हा उघडायची. अंगठ्याखाली फुगीर लागलं तरी वाटायचं, त्या दिवशीही फुगीरच लागलं होतं की. मग दाढ काढायला हातात पकड घेतली की मनगट थरथरू लागलं. सर म्हणाले, "राहू दे, तू साफसफाई कर, सिमेंट भर." दिवाळीच्या सुट्टीत मी नेसरीला घरी गेले आणि बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणला. वडिलांनी पाच वर्षं पोटाला चिमटा काढून मला दाताची डॉक्टर केलं होतं. त्यांनी अर्ज बघितला आणि चष्मा काढून नुसते बसून राहिले. मी त्यांना म्हणाले, माझा हात डॉक्टरचा नाही. बाईंनाही तेच सांगितलं. बाईंनी आमटीची वाटी माझ्याकडं सरकवली.

डिसेंबरात मला कळलं की कोल्हापुरात नसांचे एक मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. बाईंना घेऊन जायचं ठरवलं. त्यांना दाखवायला जुनी फिल्म हवी, म्हणून शनिवारी दुपारी मी कपाटातून चौगुलेबाईंची चौकट काढली. चार महिने मी तिला हात लावला नव्हता. सवयीनं डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. ठिपका खोलगटच होता. अंगठा पुढं गेला तो पुठ्ठ्याच्या कडेला थांबला.

तिथं स्टेपलरच्या टाचणीशेजारी दोन बारीक भोकं होती. दुसऱ्या टोकालाही तशीच दोन. चौकट एकदा बंद करून, उघडून, पुन्हा बंद केलेली होती.

मी कपाटातल्या, त्या दिवसापर्यंतच्या दुसऱ्या चौकटी काढल्या. वीस, पंचवीस, तीस. कुठंच जादा भोकं नाहीत. माझी सवय मला माहीत होती. तोपर्यंत मी कधीही चौकट दुसऱ्यांदा उघडत नव्हते. ते वेड मला नंतर लागलं.

"बाळाक्का, चौगुलेबाईंची दाढ काढली त्या दिवशी स्टेपलर कुणी घेतला होता?"

बाळाक्का फरशी पुसत होती. तिनं मान वर केली नाही. "सरानीच की ओ. बाईंच्या तोंडात बोळा घातला आन् म्हनले, स्टेपलर आन गं. मी म्हनलं, आता ह्ये हिरड्या बी स्टेपलरनं शिवायला लागलं का काय!"

ती हसली.

सर संध्याकाळी शेवटचा रुग्ण संपवून हात धुवत होते. मी चौकट त्यांच्या टेबलावर ठेवली, भोकं दिसतील अशी.

"तुम्ही उघडली होती," मी म्हणाले.

त्यांनी नळ बंद केला, एकेक बोट पुसलं, आणि मगच चौकटीकडं बघितलं. नाकारतील असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांनी नाकारावं म्हणून मी आतून धावा करत होते.

"बस," ते म्हणाले.

"बसत नाही."

"हेमा, एकतीस वर्षं झाली मला हा दवाखाना चालवताना. या गावातली माणसं माझ्यापुढं डोळे मिटून तोंड उघडतात. ते एकदा गेलं की परत येत नाही. तुझं काय, तू पंचवीसची. तुझी चूक म्हटल्यावर लोक म्हणतात, पोर शिकतेय. आणि मी तुला सांभाळूनच घेतलं ना? कुणापुढं एक शब्द काढला?"

"फिल्म बघितल्याच नव्हत्या तुम्ही. मी लावल्या तशा बघितल्या असत्या तर आडवी दाढ दिसलीच असती."

"हजारो दाढा काढल्यात मी."

"सर, तुम्ही मला नुसतं म्हणाला असतात, माझी चूक झाली, गप्प बस, तर मी मरेपर्यंत गप्प बसले असते. माझ्या हाताला का खोटं पाडलंत?"

"तू गप्प बसशील याची मला खात्री नव्हती," सर म्हणाले, आणि टॉवेल घडी करून दांडीवर टाकला.

मी माझा कागद मागितला. "राहू दे माझ्याजवळ," ते म्हणाले. मी पर्स उचलून बाहेर पडले. त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाही. खोलीवर जाऊन बँकेचा अर्ज फाडला, आणि मग इतकी रडले की घरमालकीणबाई काढा घेऊन आल्या. ज्याच्या पायाला हात लावला त्यानंच माझा हात माझ्यापासून तोडला होता. चार महिने! पण त्या रडण्याच्या तळाशी एक आनंदही होता, तो लपवत नाही. माझा अंगठा बरोबर होता. आणि हे ज्याला सांगायचं असं एकच माणूस मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि बाईंच्या शाळेचं स्नेहसंमेलन. मी साडेनऊलाच पोचले. बाई तयार होऊन बसल्या होत्या. मोतिया रंगाची इरकल, नवी चप्पल, हातात भाषणाचा कागद. ओठाचं झाल्यापासून चारचौघांत बोलायला त्या पहिल्यांदाच उभ्या राहणार होत्या.

"लवकर आलीस! बरं झालं. भाषण ऐक एकदा."

"बाई, आधी माझं ऐका. चूक माझी नव्हती." मी भडाभडा सगळं सांगितलं. भोकं, स्टेपलर, बाळाक्का, सरांचा टॉवेल. सांगता सांगता मी हसत होते. "सरांनीच फिरवल्या हो फिल्म! मी बरोबर लावल्या होत्या!"

बाई हसल्या नाहीत. त्यांना धक्काही बसला नाही. त्या उठून आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक माझ्यापुढं ठेवला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी जागीच होते ना गं. नुसता जबडा बधिर केला होता. समोरच्या भिंतीवरचा फिल्म बघायचा दिवा शेवटपर्यंत लागला नाही. मध्येच सर म्हणाले, 'अरे, ही तर आडवी!' आणि तसेच रेटत राहिले. नंतर त्यांनी पाकिटातून ती चौकट काढली. चिमट्यानं टाचण्या उपसल्या, फिल्म उलटसुलट केल्या, पुन्हा बंद केलं. माझ्यासमोर. माझ्या तोंडात बोळा होता."

"मग बोळा काढल्यावर?"

बाईंनी माझा कप आणखी माझ्याकडं सरकवला.

"मी दारात रडत आले तेव्हा? बाई, मी तुमची माफी मागत होते!"

"त्याच दिवशी सांगणार होते. म्हटलं, चहा होऊ दे. मग तू म्हणालीस, दर रविवारी येते." त्यांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली, उलगडली. "रविवारी या घरात कोण आलंय गं आजवर? सर एकदाही आले नाहीत. खरं सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी भांडायला गेली असतीस, आणि माझ्याकडं यायचं तुला कारणच उरलं नसतं."

"मी डॉक्टरकी सोडणार होते. तुमच्या या पाटावर बसून सांगितलं होतं मी. माझा हात डॉक्टरचा नाही म्हणून."

"हो."

"तुम्ही आमटी वाढलीत."

"हो," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं करत राहिले. तुझ्या अर्जाची तारीख जवळ आली की सांगणारच होते."

सरांवर मी चिडले होते, ओरडले होते. इथं मला ओरडायलाही येईना. सरांनी मला एकदा फसवलं होतं. बाईंनी सोळा रविवार मला समोर बसवून, जेवू घालून, डोळे मिटून माझ्या टाचणीखाली हनुवटी धरून फसवलं होतं. आणि मी प्रत्येक 'नाही'ला मनातल्या मनात त्यांची क्षमा मागत होते.

शेजारच्या शाळेतून लाउडस्पीकरचा आवाज यायला लागला होता. कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. शाळेतली एक मुलगी फाटकातून ओरडली, "बाई, पाहुणे आले!"

"आले, आले," म्हणत बाईंनी घाईघाईनं कप तोंडाला लावला आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. उजव्या कोपऱ्यातून ओघळ आला. हनुवटीवरून उतरून गळ्यापर्यंत गेला, आणि हनुवटीच्या टोकाला सायीचा एक तुकडा चिकटून राहिला.

बाईंनी कप खाली ठेवला आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं. क्षणभर थांबल्या.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. "साडेतीनशे मुली आहेत गं. पालकही आलेत."

"छान दिसताय," मी म्हणाले.

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्यांनी पदर सारखा केला, भाषणाचा कागद हातात घेतला, आणि मान ताठ ठेवून त्या शाळेकडं चालू लागल्या.